संग्रह आणि साठा : खानदेशातून दिसणारा एका छंदाचा इतिहास



आजचा विषय दिसायला हलका आहे. वस्तू जमवण्याचा छंद. तिकिटं, नाणी, काडेपेटीचे छाप, जुने दिवे, अडकित्ते, पोथ्या, कागद. लहानपणी आपण सगळ्यांनीच काही ना काही जमवलेलं असतं. मोठेपणी बहुतेकांचं ते सुटतं, काहींचं सुटत नाही. ज्यांचं सुटत नाही, अशा माणसांच्या जोरावर आपल्या इतिहासाचा मोठा भाग उभा आहे. आणि अशाच काही माणसांच्या हातून इतिहासाचे काही तुकडे कायमचे मोडलेही आहेत. दोन्ही प्रकार आपल्या धरणगावापासून साधारण शंभर किलोमीटरच्या टापूत घडले आहेत. म्हणून हा विषय मी इथे, तुमच्यासमोर मांडायचं ठरवलं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा आधी शब्दांपाशी थांबतो. साठा आणि संग्रह हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो. कणगीतली ज्वारी हा साठा. त्यातला एक दाणा दुसऱ्यासारखाच असतो आणि तो संपवण्यासाठीच ठेवलेला असतो. संग्रहातली प्रत्येक वस्तू दुसरीपेक्षा वेगळी असते, आणि ती वापरून संपवायची नसते. न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिलं पुस्तक येतं ते अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’. छोटासा ग्रंथ. पसरलेलं शास्त्र नवशिक्याला पेलेल इतकं एकत्र आणून, क्रमानं लावून दिलेलं. संग्रह या शब्दात हे ‘लावून देणं’ आहे. त्याचाच भाऊ म्हणजे परिग्रह : चारी बाजूंनी ओढून आपल्याकडे घेणं. योगशास्त्रानं आणि जैन परंपरेनं सोडायला सांगितलं ते हे. आणि तिसरा शब्द गीतेतला, लोकसंग्रह : लोकांना धरून ठेवणं. छंद म्हणून वस्तू जमवणारा माणूस या तीन शब्दांच्या मधोमध कुठेतरी उभा असतो. तो कुठल्या बाजूला झुकतो, यावर त्याच्या छंदाचा हिशेब ठरतो.

आता माणसांकडे येऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं देहावसान आपल्या धुळ्यात झालं, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. जन्म १८६३ चा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे त्यांचं काम बावीस खंडांचं. पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. हे कागद कुठल्या सरकारी कपाटातून आले नाहीत. ते वाड्यांच्या माळ्यांवर होते, रुमालात बांधलेले, कसर लागलेले. राजवाडे गावोगाव हिंडले, पुष्कळदा पायी. लोकांच्या दारात उभे राहिले.

आणि दार सहज उघडत नसे. याचं कारण समजून घ्या. १८५२ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं. पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेली इनामं कुठल्या सनदेनं मिळाली, ते दाखवा, असं सरकारनं विचारलं आणि ज्यांचा पुरावा पटला नाही त्यांची इनामं गेली. त्यानंतर परका माणूस येऊन ‘जुने कागद आहेत का’ असं विचारू लागला, तर घरातला कर्ता काय म्हणेल? ‘नाहीत’ म्हणेल. मग तेच कागद वाळवी खाई, नाही तर रद्दीत जाऊन वाण्याच्या पुड्या होत. राजवाड्यांच्या कामाला जी घाई होती ती ही. ते वाळवीशी आणि वाण्याशी शर्यत लावत होते.

या कामात आनंद कसला? मोडी पत्र हातात घेऊन पाहिलंत, तर पुष्कळदा त्यावर वर्ष नसतं. ‘छ’ म्हणून मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, म्हणजे तारीख असते, महिना असतो. साल लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. मग लिहायचं कशाला? दीडशे वर्षांनी ते कुणालाच ठाऊक नसतं. अशी दोन पत्रं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत पडलेली असतात. एकात एका मुक्कामाचा उल्लेख, दुसऱ्यात त्याच मुक्कामाचा उल्लेख आणि शिवाय साल. संग्राहकाच्या टेबलावर ती शेजारी येतात आणि पहिलं पत्र एकदम बोलायला लागतं. सुटी असताना जे दोघांनाही सांगता येत नव्हतं, ते दोघं मिळून सांगतात. नवी वस्तू सापडल्याचा आनंद मोठा असतोच, पण तो घटकाभराचा. जुळणीचा आनंद टिकतो. तिकिटं जमवणाऱ्या मुलाला मालिकेतलं हरवलेलं तिकीट सापडतं, तेव्हा त्याला होतो तो हाच आनंद. प्रतीचा फरक आहे, जातीचा नाही.

धुळ्यातच दुसरे एक गृहस्थ होते, शंकर श्रीकृष्ण देव. व्यवसायानं वकील. १८९३ साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढचं आयुष्य समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून गोळा करण्यात घालवलं. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. त्यांनी जमवलेली हस्तलिखितं आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. मंदिराचं नाव बघा : तिथली देवता वाणी आहे.

आता या आनंदाची किंमत. ती चार ठिकाणी पडते असं मला दिसतं : माणसावर, त्याच्या घरावर, वस्तूवर आणि मागून येणाऱ्यांवर.

राजवाड्यांची पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. हातानं रांधून खायचं, मिळेल तिथं राहायचं, खंड छापायला पैसे जुळवायचे. १९१० साली ज्यांच्या पुढाकारानं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेच पुढे पुण्याशी न पटून धुळ्याला आले. एका कामाला सगळं आयुष्य देणाऱ्या माणसाला मतभेदाला जागा उरत नाही. सगळी जागा कामानं खाल्लेली असते. त्यांचा तापट स्वभाव सगळे सांगतात. मला त्यात त्या छंदानं वसूल केलेली किंमतही दिसते.

घरावर पडणारी किंमत पाहायला खानदेशाबाहेर, पुण्याला जाऊ या. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करत. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. १९२० च्या सुमाराला त्यांना वस्तू जमवण्याचा नाद लागला. तलवारी, मूर्ती तर सगळेच जमवतात. केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. बायकांच्या हातून रोज वापरल्या जाणाऱ्या आणि म्हणून कुणालाच न दिसणाऱ्या वस्तू. घरात नवी स्टीलची भांडी आली की जुनी पितळेची मोडीत जातात, वजनावर. तांबटानं त्या अडकित्त्याला दिलेला पोपटाचा आकार वजनात धरला जात नाही. केळकरांनी धरला तो आकार.

लोकांचा एक गैरसमज असतो. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ असं नाव वाचून वाटतं, हे कुणी राजेसाहेब असतील, त्यांना काय कमी! राजा हे केळकरांच्या एकुलत्या एक मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. दुकानाच्या मिळकतीवर चालणारं घर, त्यात माणसांपेक्षा वस्तू जास्त, आणि पत्नी कमलाबाईंची या सगळ्याला साथ. अशा घरात संसारातला पैसा, जागा आणि वेळ तिघांनाही वस्तूंशी वाटणी करावी लागते. संग्राहकाचं नाव होतं. वाटणी सोसणाऱ्यांचं पाटीवर येत नाही. इथं एका मुलाचं आलं, तेही तो नसताना. त्या संग्रहानं त्या घराचं दुःख भरून निघालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे, म्हणूनच म्हणू नये.

पण केळकरांनी शेवटी एक गोष्ट केली. १९७५ साली त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत; त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या दिसतात. पन्नास-पंचावन्न वर्षं जे ‘माझं’ होतं, ते हयातीतच ‘तुमचं’ केलं. छंदातली ही सगळ्यात अवघड पायरी आहे.

तिसरी किंमत वस्तूवर पडते, आणि तिचं उदाहरण आपल्या उंबऱ्याशी आहे. अजिंठा. १८१९ मध्ये इंग्रजांना ती लेणी दिसली आणि पाहुण्यांची रीघ लागली. त्यांच्यात डॉक्टर जेम्स बर्ड होते. हे गृहस्थ विद्वान, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतले. सतराव्या लेण्यात भवचक्राचं चित्र आहे. त्यातल्या काही आकृती सोलून नेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. अजिंठ्याची चित्रं म्हणजे मातीच्या गिलाव्यावर दिलेला पातळ थर. दीड हजार वर्षं भिंतीला धरून राहिलेला तो थर भिंतीपासून सुटल्यावर त्याची पूड झाली. भिंतीवर भोक राहिलं आणि हाती काही आलं नाही. हा माणूस चोर नव्हता, अडाणी नव्हता. त्याला चित्र आवडलं होतं. श्रोतेहो, हे मी मुद्दाम सांगतो. वस्तूचं जे नुकसान द्वेषानं होतं त्याला आपण ओळखतो. प्रेमानं होतं ते ओळखू येत नाही.

त्याच अजिंठ्यात दुसरा माणूस आला, मेजर रॉबर्ट गिल. १८४४ पासून तो चित्रांच्या नकला करत राहिला. मोठाल्या कापडांवर रंगात. वर्षानुवर्षं अंधारात, उकाड्यात. त्या नकला विलायतेला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल पुन्हा कामाला लागला. १८७९ साली तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. तरी भिंतीवरची चित्रं जागेवर होती, म्हणून पुन्हा पुन्हा नक्कल करता आली. बर्डनं नेलेल्या आकृतींची नक्कल आता कुणीच करू शकत नाही.

नाण्यांचं पाहा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली एक ठेवा सापडला. चांदीची १३,००० हून अधिक नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची. आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. या आकड्यांवरून कळतं की सातकर्णीनं नहपानाची सत्ता मोडली आणि त्याचंच चलन आपल्या नावानं फिरवलं. आता समजा, हा ठेवा सापडल्याबरोबर शंभर शौकिनांनी शंभर-सव्वाशे नाणी वाटून घेतली असती. प्रत्येकाकडे अस्सल नाणी असती, प्रत्येक जण खूश असता, आणि तो पुरावा विरघळून गेला असता. ठेवा हा नाण्यांहून मोठा असतो. म्हणून १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि पंचाहत्तर वर्षांच्या हस्तलिखितांना, संरक्षण दिलं. नांगराला लागलेली मूर्ती आपली नव्हे, हे शेतकऱ्याला सांगणं सोपं. शहरातल्या दिवाणखान्यात तीच मूर्ती ठेवणाऱ्याला सांगणं कठीण.

आणखी एक साधी गोष्ट. शिवराई सापडली की पोरं ती चिंचेनं घासून लख्ख करतात. तांब्यावर चढलेला काळपट-हिरवा थर हा त्या नाण्याचा वयाचा दाखला. तो घासला की एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ चकाकतं, पण अक्षरांची धार जाते आणि दाखलाही जातो.

चौथी किंमत मागून येणाऱ्यांवर. सगळं एका जागी आणलं की ते एकाच जागी धोक्यातही येतं. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. त्या एका दिवसात पोथ्यांची, दुर्मीळ ग्रंथांची जी नासधूस झाली, ती अनेक पिढ्यांनी वेचलेल्याची होती. पण धोका दंग्याचाच असतो असंही नाही. राजवाड्यांनी पाटांगणहून मिळवलेल्या पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचं सांगितलं. मराठीच्या जुन्या व्याकरणाचा केवढा तरी विचार त्यांनी तिच्यावर उभा केला. ती मूळ पोथी आज अभ्यासकांपुढे नाही. मग वाद तसाच राहतो; मानणारे मानतात, न मानणारे मानत नाहीत. एवढ्या मोठ्या संग्राहकाच्या बाबतीतही जिथे मूळ दाखवता येत नाही, तिथे शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. राजवाडे गेले आणि १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी मागे ठेवलेलं दप्तर रद्दीत गेलं नाही. मुळात राजवाड्यांची रीतच अशी की मिळालं ते छापलं. बावीस खंड म्हणजे बावीस वेळा मूठ उघडणं. मूठ उघडली की ती वस्तू परिग्रहातून सुटते.

आता धुळ्यातलीच एक शेवटची गोष्ट. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. असंग्रह हे ज्यांचं व्रत, असा माणूस. त्यांनी कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचन केलं. अशी अठरा प्रवचनं झाली. विनोबांनी ती लिहिलेली नव्हती. बोलणं हवेत जातं. पण ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, आपल्या अमळनेरचे मास्तर. त्यांनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो असंग्रहाचं व्रत घेतलेल्या एकामुळे आणि टिपून ठेवण्याची सवय असलेल्या दुसऱ्यामुळे. संग्रह आणि असंग्रह एका कोठडीत असे शेजारी बसले, भांडले नाहीत. याचं कारण माझ्या मते इतकंच की साने गुरुजींनी जे टिपलं ते स्वतःजवळ ठेवण्यासाठी टिपलं नव्हतं.

मग कसोटी काय? मी दोन प्रश्न विचारतो. ही वस्तू कुठून, कुणाकडून, कधी आली, हे लिहून ठेवलं आहे का? आणि मी नसताना ती कुणाला पाहता येईल का? दोन्हींना उत्तर ‘हो’ असेल तर तो संग्रह. नसेल तर वस्तू कितीही मौल्यवान असोत, तो साठा. कणगीतल्यासारखा.

हे धरणगावात का सांगायचं? सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती. १६७५ साली मराठ्यांनी ती लुटली. हे आपल्याला कसं ठाऊक? वखारवाल्यांनी वरती लिहिलेली पत्रं त्यांनी जपून ठेवली, म्हणून. लुटणाऱ्यांच्या आणि लुटल्या गेलेल्या गावकऱ्यांच्या बाजूचा कागद मात्र समोर येत नाही. ज्यानं कागद जपला, त्याची बाजू इतिहासात आली. याच गावात १८९० मध्ये बालकवी जन्मले आणि १९१८ मध्ये, अठ्ठावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, भादलीजवळ रेल्वेखाली गेले. त्यांच्या कविता पुस्तकात आल्या त्या मागे राहिलेल्यांनी गोळा केल्या म्हणून.

आज गावातले जुने वाडे उतरवले जात आहेत. माळे रिकामे होत आहेत. चोपड्या, मोडी कागद, हुंड्या, पत्रिका, पितळेचे डबे ट्रॅक्टरनं जात आहेत. सगळं ठेवायला कुणाच्या घरात जागा नाही, हे मला ठाऊक आहे. ठेवाच, असं मी म्हणत नाही. पण जाऊ देण्याआधी एवढं करा. मोबाइलवर फोटो काढा. गिलला वर्षं लागली ते काम तुमचं मिनिटात होतं. एका वहीत लिहा : कुणाच्या घरातलं, कुठल्या खोलीतलं, कशाबरोबर बांधलेलं होतं. रुमाल सोडलात तर क्रम मोडू नका. नाणं घासू नका. मोडी वाचता येत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे मंडळात विचारा. आणि घरात म्हातारी माणसं असतील, तर हे काम आधी त्यांच्याजवळ बसून करा. डब्याचं नाव, त्यात काय ठेवत, कुणाच्या लग्नात आला, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. ते त्यांच्याजवळ आहे, आणि त्याला वजन नाही म्हणून ते मोडीतसुद्धा कुणी घेणार नाही.